वाढत्या अंगाच्या

महाप्याला, पाइपलाइनच्या बाजूच्या इमारतीत
माझी रात्रपाळी. एसी असा की मे महिन्यातही शाल लागते.
काम सोपं : परदेशातल्या एका संग्रहालयाची
जुनी हस्तलिखित कार्डं वाचायची
आणि रकाने भरायचे.
रोमन काळातली दफनं. थडगं क्रमांक अमुक.
डोकं पश्चिमेला. वय अंदाजे. सोबतच्या वस्तू.
रात्रीला एकशे चाळीस थडगी, हे टार्गेट.

पहिल्या आठवड्यात हसू यायचं.
सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या पोरांनाही
दृष्ट लागायची म्हणजे.
गळ्यात कुत्र्याचा सुळा,
काळ्या दगडाचं अस्वल, अंगठ्याएवढं,
भोक पाडलेलं तांब्याचं नाणं,
भोक थेट राजाच्या मानेतून,
आणि घुंगरू.
पलीकडची शमशाद म्हणाली, आमच्या नानीचा ताईत तसाच की.
मी म्हटलं, आमच्याकडे वाघनख. वेखंडाचा मणी.
मग आम्ही चहाला गेलो.

चहा पिताना वाटलं :
घुंगरू वाजलं नाही, सुळा कुणाला चावला नाही,
जे उपयोगी पडलं नाही
नेमकं तेच सोबत दिलं त्यांनी.

थडगं दोनशे बारा पुढे सरकेना.
मुलगी, दीड-दोन वर्षांची.
बांगड्या सहा. हातात नाहीत, पायांशी ठेवलेल्या.
घेर मोठ्या बाईच्या मनगटाचा.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं :
मापात चूक? मुलीला फारच सैल.

चूक नाही हो साहेब.
घणसोली नाक्यावरचा सोनार तेच म्हणाला होता,
वाढत्या अंगाच्या घ्या, वहिनी,
पोरीची जात, बघता बघता वाढते.
चांदीच्या मनगट्या, मध्ये काळे मणी.
सैल होत्या म्हणून आतून दोरा गुंडाळला मी.
दर वाढदिवसाला एक वेढा सोडायचा, असं ठरलं होतं.
सात वेढे.
सातही तसेच आहेत.

एवढा लहान जीव आमच्यात जाळत नाहीत.
खाडीकडे, खारफुटीच्या अलीकडे, गावाची जुनी जागा आहे,
आता तिच्यावरून विजेच्या तारा जातात.
पुरुष खड्याचं मीठ घेऊन गेले. मी उंबऱ्यापर्यंत.
त्याआधी कुणीतरी मनगट्या काढू लागलं,
चांदी मातीत कशाला म्हणून.
तेव्हा चांगूबाय, माझी सासू,
जी माझ्याशी चार महिने बोलत नव्हती,
पुढे आली. "ऱ्हाऊ दे गो. तिच्याच हायत त्या."
एक राहिली.
दुसरी तोवर निघाली होती,
ती कुणीतरी माझ्या मुठीत कोंबली.

आज, पहाटे पावणेचारला, थडगं तीनशे एकोणनव्वद.
अर्भक. चांदीचं कडं, एक.
जोडीतलं. दुसरं सापडलं नाही.
शेरा : बहुधा नांगरानं गेलं, किंवा चोरीला.

कर्सर लुकलुकत राहिला.
मागून अल्ताफ, शिफ्टचा प्रमुख :
ताई, रकाना रिकामा ठेवू नका.
मी टाइप केलं, कार्डावर होतं तेच.
नांगर. चोरी.
आपल्या मनाचं काही घालायचं नाही,
हे पहिल्याच दिवशी सही करून दिलंय.

पण बाई, तू जी कुणी होतीस,
नांगराचं नाव उगाच आलं.
माझी तांदळाच्या डब्यात असते, अगदी तळाशी,
किडे होऊ नयेत म्हणून घालते त्या
कडुनिंबाच्या पाल्याखाली.
महिनाअखेरीला माप खाली जातं
आणि हाताला काहीतरी गार लागतं.
थोडा वेळ मी तशीच वाकून राहते.
मग पिशवी फोडून नवे तांदूळ ओतते.